थंडीत बोटे पांढरी पडतात? रेनॉडचा त्रास समजून घेऊ या



थंडीचे दिवस आले की वस्तीतल्या काही जणांच्या, त्यातही बायकांच्या, हाताची बोटे अचानक पांढरीफटक पडतात. पहाटे नळाच्या गार पाण्यात भांडी घासताना, रस्त्यावर झाडू मारताना, फ्रीजमधले दूध काढताना किंवा घरात भांडण होऊन जीव घाबरा झाल्यावर असे होते. बोट जणू आपले नाहीच असे वाटते. टोचले तरी कळत नाही, सुईत दोरा ओवता येत नाही, हातातली बशी निसटते. थोड्या वेळाने बोट निळसर होते, मग लाल होऊन ठणकू लागते. पाऊण तासाने हात बघावा तर पहिल्यासारखा!

असे झाले की घरात दोन प्रकारची माणसे भेटतात. एक म्हणतात, "थंडीने होतंच, त्यात काय एवढं." दुसरी म्हणतात, "बाहेरचं काही लागलं असेल, कुणाला तरी दाखवून आण." पहिल्यांच्या बोलण्याने खरा आजार वर्षानुवर्षे अंगावर निघतो. दुसऱ्यांच्या बोलण्याने अंगारे-धुपाऱ्यांत पैसा जातो आणि दवाखान्यात जायचे राहून जाते. या त्रासाला नाव आहे, कारण आहे आणि उपायही आहेत. त्यांतले बरेचसे उपाय बिनपैशाचे आहेत आणि ते आपल्या सवयींशी, श्वासाशी आणि मन शांत ठेवण्याशी संबंधित आहेत. पण त्या उपायांना मर्यादाही आहे. या लेखात आम्ही दोन्ही गोष्टी सांगणार आहोत.

नाव कुठून आले?

मॉरिस रेनॉड या फ्रेंच डॉक्टरने १८६२ साली पॅरिसमध्ये या त्रासावर प्रबंध लिहिला. म्हणून याला रेनॉडचा त्रास म्हणतात. दवाखान्यात डॉक्टर 'रेनॉड्स' असे लिहितील. निरनिराळ्या देशांत झालेल्या पाहण्या एकत्र पाहिल्या तर साधारण शंभरातल्या तीन ते पाच जणांना हा त्रास असतो. थंड प्रदेशांत तो जास्त दिसतो. पण नागपूर, गोंदिया, निफाडकडची पहाट काही कमी गार नसते, आणि मुंबईतही कोळंबी सोलणारीचे, बर्फात मासे भरणाऱ्याचे हात बारा महिने गारठ्यातच असतात.

शरीरात होते काय?

आपल्या शरीराला पोटातल्या अवयवांची ऊब टिकवायची असते. बाहेर गारठा वाढला की बोटांकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या शरीर थोड्या आवळते, म्हणजे रक्त आतल्या बाजूला राहते आणि ऊब वाया जात नाही. हे प्रत्येकाच्या शरीरात होते. रेनॉड असलेल्या माणसात मात्र हे आवळणे गरजेपेक्षा खूप जास्त होते. रक्तवाहिनी जवळजवळ बंदच होते. रक्त पोचत नाही म्हणून बोट पांढरे. जे थोडे रक्त अडकून पडते त्यातला प्राणवायू संपतो म्हणून बोट निळे. मग रक्तवाहिनी मोकळी होते, रक्त एकदम येते, म्हणून बोट लाल होते आणि ठणकते. तिन्ही रंग प्रत्येकाला दिसतातच असे नाही. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर पांढरेपणा चटकन कळत नाही. बोट राखाडी किंवा फिकट दिसते. म्हणून तळव्याची बाजू आणि नखाखालचा रंग बघावा. पायाची बोटे, कानाची पाळी, नाकाचा शेंडा यांनाही असे होते. अंगावर पाजणाऱ्या काही मातांच्या स्तनाग्रालाही होते आणि पाजताना फार दुखते. तेही डॉक्टरांना न लाजता सांगावे.

थंडीइतकाच दुसरा कारक म्हणजे ताण. भीती, राग, काळजी यांच्या वेळी शरीर धोक्याची तयारी करते. मज्जातंतू इशारा देतात, रक्तात अॅड्रिनलिन वाढते आणि कातडीकडच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. म्हणून उन्हाळ्यातही, हप्त्याचा माणूस दारात उभा राहिला की, एखादीची बोटे पांढरी पडू शकतात.

इथे एक गैरसमज काढून टाकला पाहिजे. ताणाने झटका येतो म्हणजे हा 'मनाचा आजार' आहे, असे नाही. १९२९ साली थॉमस लुईस या इंग्लंडमधल्या डॉक्टरने बोटांकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचा इशारा थांबवून पाहिला. तरीही गार केल्यावर बोटे पांढरी पडलीच. म्हणजे दोष बोटांतल्या रक्तवाहिन्यांतच आहे. त्या थंडीला जास्त चिडतात. ताणाचा इशारा त्या चिडलेल्या रक्तवाहिनीवर आणखी भार टाकतो. तेव्हा कोणी म्हणाले की "तू फार विचार करतेस म्हणून हे होतं", तर ते अर्धेच खरे. आजार शरीराचा आहे. मन शांत ठेवायला शिकून त्यावरचा एक भार आपण कमी करू शकतो, एवढाच त्याचा अर्थ.

साधा की गंभीर?

रेनॉडचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात दुसरा कोणताही आजार नसतो. हा बहुधा पंधरा ते तीस वर्षांच्या वयात, मुलींत आणि बायकांत सुरू होतो. दोन्ही हातांना सारखा होतो, अंगठा बहुतेक वेळा सुटतो, जखमा होत नाहीत. त्रासदायक असला तरी धोका कमी.

दुसऱ्या प्रकारात मागे वेगळे कारण दडलेले असते. कातडी कडक होत जाणारा स्क्लेरोडर्मा, सांधे-कातडी-मूत्रपिंडाला धरणारा ल्युपस, यंत्रांच्या थरथरीने झालेली इजा, काही औषधे, किंवा तंबाखूने बंद पडत चाललेल्या रक्तवाहिन्या. पुढीलपैकी काहीही असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन किंवा त्वचा विभागात जा:

– त्रास वयाच्या तिशीनंतर पहिल्यांदा सुरू झाला.
– एकाच हाताला किंवा एक-दोनच बोटांना होतो.
– बोटाच्या टोकाला जखम, काळा डाग किंवा खड्डा पडला आहे.
– कातडी ताठ, चकचकीत झाली आहे; बोटे सुजलेली राहतात; मूठ वळत नाही.
– सांधे दुखतात, चेहऱ्यावर चट्टे येतात, तोंड-डोळे कोरडे पडतात, घास गिळताना अडकतो, चढताना धाप लागते.

डॉक्टर नखाच्या मुळाशी असलेल्या बारीक केशवाहिन्या भिंगातून बघतात आणि एएनए नावाची रक्ततपासणी सांगतात. बोट पांढरे किंवा निळे असताना मोबाईलवर फोटो काढून ठेवा. दवाखान्यात पोचेपर्यंत झटका गेलेला असतो. फोटो दाखवला की डॉक्टरांना सांगावे लागत नाही.

एक गोष्ट तातडीची. बोट तासाभरात रंगावर आले नाही, काळेनिळे राहिले, वेदना असह्य झाली, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. उशीर झाला तर बोट सडू शकते.

झटका आला तर

हातातले काम सोडा. गारठ्यातून आत या, ओले हात कोरडे करा. हात काखेत किंवा पोटाशी दाबून धरा. कोमट पाणी असेल तर त्यात बोटे बुडवा आणि हळूहळू हलवा. पाणी जवळ नसेल तर उभे राहून हात खांद्यापासून गोल, रहाटासारखा जोरात फिरवा, म्हणजे रक्त बोटांकडे ढकलले जाते. ऊब मिळाल्यावर बहुधा पंधरा-वीस मिनिटांत बोटे पूर्ववत होतात.

कडकडीत पाणी, शेकोटी, स्टोव्ह, तापलेला तवा यांच्या जवळ बोटे नेऊ नका. बधिर बोटाला चटका कळत नाही आणि भाजून मोठी जखम होते. बोटे जोरात चोळूही नका.

झटका येऊच नये म्हणून

पुष्कळजण फक्त हातमोजे घालतात. पण बोटांच्या रक्तवाहिन्या आवळायच्या की नाही हे सगळ्या अंगाच्या गारठ्यावर ठरते. छाती, पोट, मान आणि डोके उबदार ठेवले तर बोटांना रक्त मिळते. कानटोपी, मफलर, साडीवर पूर्ण बाह्यांचा स्वेटर, आत एक सुती बनियन हे हातमोज्यांइतकेच महत्त्वाचे. एक जाड कपडा घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घातलेले बरे. पायात मोजे हवेत. गार भांड्याला थेट हात लावण्याऐवजी फडके धरा. उपाशीपोटी पहाटे कामाला निघू नका. दोन घास खाऊन अंगात ऊब आली की निघा.

ऊब असलेल्या जागेतून एकदम गारठ्यात जाणे हा मोठा कारक आहे. एसीच्या ऑफिसात साफसफाईला जाणाऱ्यांनी आत शिरण्याआधीच स्वेटर घालावा, बोटे गार पडल्यावर नव्हे.

तंबाखू

या विषयात आम्ही आडपडदा ठेवणार नाही. निकोटिन रक्तवाहिन्या आवळते. विडी, सिगारेट, मळलेली तंबाखू, गुटखा, दातांना लावायची मिश्री, सगळ्यांत ते आहे. ज्याची बोटे आधीच आवळली जातात त्याने वर तंबाखू घेणे म्हणजे आवळलेल्या गाठीला आणखी ओढणे. मिश्री 'दात घासायला' म्हणून सुरू होते आणि दिवसातून चार-पाचदा लागते. ती लावणारी आई-आजी तिला व्यसन मानतच नाही. मानायला हवे.

तंबाखूमुळे होणारा आणखी एक भयंकर आजार आहे. न्यूयॉर्कमधल्या लिओ बर्गर या डॉक्टरने १९०८ साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला बर्गरचा आजार म्हणतात. तो भर तारुण्यात, चाळिशी-पंचेचाळिशीच्या आत, विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना होतो. हातापायांच्या रक्तवाहिन्या बंद होतात, चालताना पोटरी किंवा तळवा दुखतो, बोटे काळी पडतात, कापावी लागतात. या आजाराची वाट थांबवणारा एकच खात्रीचा उपाय डॉक्टरांना माहीत आहे: तंबाखू पूर्ण बंद. कमी करून भागत नाही. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. फोनला पैसे पडत नाहीत.

मन आणि श्वास शिकवण्याच्या पद्धती

आता मुख्य विषयाकडे येऊ. ताणाचा इशारा कमी केला तर रक्तवाहिन्या सैल होतील, या विचारातून डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञांनी काही पद्धती बसवल्या. त्या घरी करता येतात.

*पहिली, संथ श्वास.* उबदार जागी पाठ टेकून बसा. श्वास नाकाने सावकाश घ्या, त्याहून सावकाश सोडा. एक काळजी घ्या. एकदम जोरात, छाती फुगवून खोल श्वास घेतला तर बोटांच्या रक्तवाहिन्या क्षणभर आवळल्याच जातात. हा शरीराचा स्वाभाविक गुण आहे. म्हणून ओढून-ताणून श्वास घेऊ नका. विहारात आनापान करणाऱ्यांना श्वास जसा आहे तसा पाहायची सवय असते. त्यांना ही पद्धत वेगळी शिकावी लागणार नाही. दिवसातून दोनदा दहा मिनिटे पुरेत.

*दुसरी, स्नायू सैल करणे.* एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरने १९२९ साली या पद्धतीवर पुस्तक प्रसिद्ध केले. उजव्या हाताची मूठ पाच-सात सेकंद घट्ट आवळा, मग एकदम सोडा आणि सैल पडलेला हात कसा लागतो याकडे लक्ष द्या. मग डावा हात, खांदे, चेहरा, पोट, मांड्या, पाय. कष्टकरी माणसाचे खांदे आणि जबडा दिवसभर ताठलेले असतात आणि ते त्याला ठाऊकही नसते. आवळून सोडल्यावर फरक कळतो. झटका चालू असताना मात्र मूठ आवळू नका.

*तिसरी, ऊबेचे वाक्य.* जर्मनीत १९३२ साली पुढे आलेली ही पद्धत. डोळे मिटून मनात सावकाश म्हणायचे: "माझा हात जड झाला आहे... माझा हात ऊबदार होतो आहे... ऊब बोटांच्या टोकापर्यंत पोचते आहे." सोबत उन्हात ठेवलेला हात, चहाच्या गरम पेल्याभोवतीची बोटे असे काही डोळ्यांपुढे आणायचे. हा मंत्र नव्हे, यात कसलीही शक्ती नाही. लिंबू नुसते आठवले तरी तोंडाला पाणी सुटते, त्यातलाच हा प्रकार आहे. 'ऊब आलीच पाहिजे' असा हट्ट धरला तर ताण वाढतो आणि हात आणखी गार पडतो. जमेल तसे जमू द्यायचे.

*चौथी, बायोफीडबॅक.* बोटाला तापमान मोजणारी छोटी तार चिकटवतात. यंत्राच्या पडद्यावर बोटाचे तापमान दिसत राहते. माणूस वरच्या पद्धती वापरून तो आकडा वाढवायचा प्रयत्न करतो. कोणत्या विचाराने, कोणत्या बसण्याने आकडा चढतो हे डोळ्यांनी दिसल्यामुळे तो हळूहळू शिकतो. आरशात पाहून वेणी घालण्यासारखेच हे आहे. महाग यंत्र नसेल तर घरी साधी खूण चालते. सराव सुरू करताना बोटांची टोके गालाला लावून पाहा, दहा मिनिटांनी पुन्हा लावा. गालाइतकी ऊब आली का, ते वहीत लिहा.

*पाचवी, पाण्याचा सराव.* अमेरिकेच्या लष्करी संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ही करून पाहिली. रुग्णांना शून्य अंशाच्या गार खोलीत बसवून त्यांचे हात ४३ अंश सेल्सिअसच्या पाण्यात दहा मिनिटे ठेवले. अशी २७ सत्रे झाली. अंगाला गारठा आणि हाताला ऊब असे पुन्हापुन्हा एकत्र घडल्याने शरीराला नवी सवय लागली: पुढे नुसता गारठा लागला तरी हात पूर्वीइतके गार पडेनात. रुग्ण थोडेच होते, त्यामुळे यावरून मोठा दावा करता येत नाही. पण कल्पना सोपी आहे. थंडीत सकाळी अंगणात किंवा गॅलरीत बसून हात कोमट पाण्याच्या बादलीत दहा मिनिटे ठेवता येतात. पाणी कोपराने तपासा. कोपराला सोसवेल इतकेच गरम हवे. हातावर जखम असेल, मधुमेहाने बधिरपणा असेल, हृदयाचा आजार किंवा दमा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा सराव करू नये.

अभ्यासांत काय आढळले?

कोणतीही गोष्ट तपासून घ्यावी, ही आपली शिकवण आहे. या पद्धतींनाही तोच नियम लावू.

अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहरात १९८० च्या दशकात झालेल्या छोट्या अभ्यासांत बायोफीडबॅक शिकलेल्यांचे झटके दोन-तृतीयांशाने किंवा त्याहून अधिक कमी झाले. नुसते स्नायू सैल करणाऱ्यांना बराच कमी फायदा झाला. त्यामुळे आशा वाढली.

मग अमेरिकेतच पाच केंद्रांवर ३१३ रुग्णांचा मोठा अभ्यास झाला. सगळे पहिल्या, म्हणजे साध्या प्रकारचे रुग्ण होते. त्याचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. काहींना निफेडिपिन हे औषध, काहींना तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी, काहींना बोटांच्या तापमानाचे बायोफीडबॅक आणि काहींना तुलनेसाठी स्नायूंचे बायोफीडबॅक दिले. वर्षभराने, निरुपयोगी गोळीच्या तुलनेत औषधाने झटके ६६ टक्क्यांनी कमी झाले. तापमानाच्या बायोफीडबॅकचा तुलनेच्या गटापेक्षा वेगळा फायदा दिसला नाही. नंतर खोलात पाहिल्यावर कळले की त्या गटातल्या साधारण एक-तृतीयांश लोकांनाच हात गरम करण्याचे कौशल्य नीट जमले होते. बाकीच्यांना ते शिकताच आले नव्हते.

यातून आम्ही काय घ्यावे? श्वास आणि शिथिलीकरणाने रेनॉड बरा होतो, असे कोणी छातीठोकपणे सांगत असेल आणि त्यासाठी शिबिराचे पैसे मागत असेल तर मानू नका. पण हे उपाय निरुपयोगी आहेत असेही नाही. त्यांना खर्च नाही आणि सांभाळून केले तर अपाय नाही. नीट शिकले तर काहींना फायदा होतो, आणि ताणाने येणाऱ्या झटक्यांत घाबरून आणखी बिघडण्यापासून ते वाचवतात. त्यांची जागा ऊब, तंबाखूबंदी आणि गरज पडल्यास औषध यांच्या सोबत आहे, त्यांच्याऐवजी नाही.

औषधे

झटके रोज येत असतील, काम करवत नसेल किंवा जखमा होत असतील तर डॉक्टर निफेडिपिन किंवा त्याच जातीचे अॅम्लोडिपिन देतात. ही मूळची रक्तदाबाची औषधे. रक्तवाहिन्या सैल करतात. डोके दुखणे, चक्कर, चेहरा गरम होणे, घोट्याला सूज असे त्रास होऊ शकतात. शेजारणीची रक्तदाबाची गोळी मागून घेऊ नका. गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल तर डॉक्टरांना आधी सांगा.

काही औषधांनी हा त्रास वाढतो: रक्तदाब आणि हृदयासाठीच्या अॅटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्या, अर्धशिशीची अर्गोटामिन असलेली गोळी, सर्दीत नाक मोकळे करणाऱ्या काही गोळ्या. यांतली गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका. पाकीट घेऊन डॉक्टरांना दाखवा, ते बदलून देतील.

कामाच्या जागी

'गार पाण्यात हात घालू नका' असे सांगणे सोपे आहे. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईने ते कसे पाळायचे? म्हणून हा प्रश्न एकट्या बाईच्या सवयीचा नाही, कामाच्या अटींचाही आहे. ज्या घरात गिझर आहे त्या घरात भांड्यांसाठी कोमट पाणी मागणे ही मेहेरबानी नव्हे. आत पातळ सुती आणि वर रबरी असे हातमोजे मागा. डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'गार पाणी टाळावे' असे लिहून दिले तर मालकिणीशी बोलणे सोपे जाते. तशी चिठ्ठी मागून घ्या. एका बाईने मागितले तर तिला काढून टाकतील, पण इमारतीत काम करणाऱ्या सगळ्यांनी मिळून मागितले तर तसे करणे कठीण.

रस्ता फोडणारा ब्रेकर, ग्राइंडर, दगड-फरशी घासायची यंत्रे चालवणाऱ्यांना थरथरीमुळे हाच त्रास कायमचा जडू शकतो. अमेरिकेच्या इंडियाना राज्यात चुनखडी दगड घडवणाऱ्या कामगारांची बोटे पांढरी पडत होती. अॅलिस हॅमिल्टन या डॉक्टर बाईंनी १९१८ साली त्यांची तपासणी करून दोष हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्यांचा आहे हे दाखवले. शंभर वर्षे होऊन गेली तरी आपली मुले तीच यंत्रे उघड्या हातांनी धरतात. यंत्र गरजेपेक्षा घट्ट आवळू नका, सलग चालवू नका, आळीपाळीने धरा. कामानंतरही बोटांत मुंग्या राहात असतील किंवा एखादे टोक पांढरे पडत असेल तर तेव्हाच डॉक्टरांकडे जा. सुरुवातीला काम बदलले तर सुधारणा होऊ शकते, फार उशिरा होत नाही. कामगार विमा योजनेचे कार्ड असेल तर त्या रुग्णालयात कामाचे स्वरूप केसपेपरवर लिहून घ्या.

सफाई कामगार, घंटागाडीवरचे भाऊ-बहिणी यांनी थंडीत कोरडे, जाड हातमोजे आणि गरम कपडे यांची मागणी युनियनमार्फत लेखी करावी.

आजपासून काय कराल?

एक वही घ्या. झटका आला की तारीख, वेळ, त्या आधी काय चालले होते, किती बोटे, किती मिनिटे, एवढे लिहा. लिहिता येत नसेल तर मुलाला सांगा. आपल्या घरातली मुले यासाठीच शिकली आहेत. दोन आठवड्यांत आपला कारक कोणता ते दिसेल: पाणी, पहाट, तंबाखू की काळजी. त्या एका गोष्टीपासून सुरुवात करा. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटे श्वासाचा किंवा ऊबेच्या वाक्याचा सराव निदान सहा आठवडे करा आणि वहीत झटके कमी झाले का ते मोजा. कमी झाले तर चालू ठेवा. नाही झाले तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा, ती त्यांना उपयोगी पडेल. आणि वर दिलेल्या धोक्याच्या खुणांपैकी एकही असेल तर सहा आठवडे थांबू नका, उद्याच्या ओपीडीलाच जा.